हवामानाचं बिल चंद्राच्या नावावर

वऱ्हाडातल्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे जिथं जमिनीखालचं पाणी खारं आहे त्या भागात, कुठल्याही गावात पावसाचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं : "हे चक्रच रायते बाप्पा, येते अन् जाते." म्हातारा कास्तकार ते म्हणतो, कारण त्यानं बहात्तरचा दुष्काळ पाहिलेला असतो. कृषी केंद्रवाला म्हणतो, कारण त्याला पुढच्या हंगामाची उधारी द्यायची आणि मागची वसूल करायची असते. सभेत पुढारी म्हणतो, कारण दुसरं काही म्हटलं तर पुढचा प्रश्न त्यालाच विचारला जाईल. अलीकडे या वाक्याला विज्ञानाचा सदराही मिळाला आहे. मोबाइलवर फिरणारे संदेश सांगतात की हवामान बदलाचं खरं कारण चंद्र आहे. त्याच्या ओढीनं समुद्रात भरती-ओहोटी होते, तिची ताकद ठरावीक वर्षांनी कमी-जास्त होते आणि त्याप्रमाणे पृथ्वी तापते किंवा निवते. कोळसा, धूर, कार्बन हे सगळं बाहेरच्या लोकांचं थोतांड.

गंमत अशी, की या संदेशाचा पहिला, भरती-ओहोटीचा भाग बराचसा खरा आहे. त्याला अंधश्रद्धा म्हणून झटकून टाकणं हा आळस आहे. कोळसा-कार्बनला थोतांड म्हणणारा दुसरा भाग मात्र साफ खोटा आहे, आणि तो वऱ्हाडातल्या कोरडवाहू माणसाला फार महागात पडतो. एकदा चक्र म्हटलं की कोणी जबाबदार उरत नाही. चक्राकडून नुकसानभरपाई मागता येत नाही, चक्राला कोळसा कमी जाळ म्हणता येत नाही. फक्त वाट पाहायची, आणि वाट पाहण्याचं व्याज सावकाराकडे चालूच राहतं. म्हणून चंद्राच्या खात्यावर नेमकं किती जमा आणि किती नावे, हा हिशेब खगोलशास्त्रज्ञांवर सोडून न देता गावानंही समजून घ्यावा, असं मला वाटतं.

विदर्भाला समुद्र लागत नाही. सातवीच्या भूगोलात भरती-ओहोटीचा धडा असतो. दर्यापूर-अकोटकडची मुलं उधाणाची भरती आणि भांगाची भरती तिथींसकट पाठ करतात, पेपरात लिहितात आणि विसरतात. खारं पाणी त्यांना माहीत असतं ते बोअरचं. पण त्यांच्या वावरात पडणारं पाणी बहुतांशी समुद्रावरूनच येतं. जुलै-ऑगस्टात बंगालच्या उपसागरात कमी दाबाचं क्षेत्र तयार झालं आणि ते ओडिशा-छत्तीसगडवरून पश्चिमेकडे सरकलं, की आधी गडचिरोली-गोंदियाचे नाले भरतात आणि मग वऱ्हाडाची पाळी येते. असं क्षेत्र बनायला उपसागराचा वरचा थर तापलेला लागतो, साधारण २८ अंशांच्या वर. तो थर किती तापेल हे अर्थातच सूर्य ठरवतो. मात्र सूर्यानं दिलेली उष्णता वरच राहील की खाली मुरेल, यात भरतीचाही हात असतो.

एप्रिलच्या दुपारी गुरांच्या हौदात हात घातला तर वरचं पाणी कोमट लागतं, तळाचं गार. हातानं ढवळलं की वरचं निवतं, खालचं थोडं तापतं. हौदातली एकूण उष्णता मात्र होती तेवढीच राहते. नुसतं ढवळून ती वाढतही नाही आणि कमीही होत नाही. महासागरातही वर गरम, हलकं पाणी आणि खाली चार-पाच किलोमीटरपर्यंत थंड, जड पाणी असे थर असतात. वारा वरच्या थराला ढवळतो. खोलवर कोण ढवळतं, या प्रश्नानं समुद्रशास्त्रज्ञांना अनेक दशकं छळलं. ध्रुवांजवळ थंड होऊन बुडालेलं पाणी पुन्हा वर आलंच नाही, तर काही हजार वर्षांत महासागर तळापासून थंड पाण्यानं भरून जाईल. तसं झालेलं नाही. म्हणजे खाली कोणीतरी राबत आहे.

१९९८ मध्ये वॉल्टर मंक आणि कार्ल वुन्श यांनी याचा हिशेब मांडला. हे घुसळण चालू ठेवायला सुमारे दोन टेरावॅट (एक टेरावॅट म्हणजे दहा लाख मेगावॅट) ऊर्जा लागते, आणि त्यातला जवळपास निम्मा वाटा चंद्र-सूर्याच्या भरतीतून येऊ शकतो, असं त्यांनी दाखवलं. तोवर पुष्कळांचा समज होता की भरतीची जवळजवळ सगळी ऊर्जा किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात घासून संपते. दोनच वर्षांनी गॅरी एगबर्ट आणि रिचर्ड रे यांनी टोपेक्स-पोसायडन उपग्रहानं मोजलेल्या समुद्रपातळीवरून सिद्ध केलं की त्यातली पंचवीस ते तीस टक्के ऊर्जा खोल समुद्रात, पाण्याखालच्या डोंगररांगांवर खर्च होते. भरतीचा प्रवाह अशा बुडालेल्या डोंगरावर चढला-उतरला की पाण्याच्या पोटात लाटा उठतात. वरून पाहणाऱ्याला त्या जेमतेम जाणवतात, पण आत त्यांची उंची कित्येक मीटर असते. अंदमानच्या समुद्रातल्या अशा लाटांची मोजमापं १९८० मध्ये प्रसिद्ध झाली. काही लाटा साठ मीटरच्या घरात होत्या. मान्सून दरवर्षी मे महिन्यात पहिल्यांदा येऊन टेकतो तो याच समुद्रावर. थोडं पुढं, इंडोनेशियाच्या बेटांमधल्या चिंचोळ्या वाटांत, भरतीचं घुसळण इतकं जोरदार आहे की वरचं पाणी त्यामुळे सुमारे अर्ध्या अंशानं थंड राहतं. संगणकावरच्या हवामान मॉडेलमध्ये हे घुसळण घातलं की त्या भागातल्या पावसाचं चित्र बदलतं. अर्धा अंश ऐकायला किरकोळ वाटतो. ढगांना तो किरकोळ नसतो.

तेव्हा "चंद्राचा आणि पावसाचा काय संबंध?" असं तोंडावर फेकणारे आमचे विज्ञानवादी मित्रही इथं थोडे घसरतात. संबंध आहे. तो तिथीनं पेरणी ठरवण्याइतका सरळ नाही, एवढंच.

दीर्घ काळाकडे पाहिलं तर हा विषय आणखी खोल जातो. सुमारे २१ हजार वर्षांपूर्वी, हिमयुग ऐन भरात असताना, समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सव्वाशे मीटरच्या आसपास खाली होती. किनाऱ्यालगतच्या उथळ पट्ट्यातला बराच भाग कोरडा पडला होता; म्हणजे आज जिथं भरतीची बहुतेक ऊर्जा जिरते ती जागाच आक्रसली होती. मॉडेल सांगतात की त्यामुळे उत्तर अटलांटिकमध्ये भरती आजच्यापेक्षा बरीच मोठी झाली आणि खोल पाण्यातलं घुसळण वाढलं. हवामानानं भरती बदलली, भरतीनं समुद्राचं अभिसरण बदललं, त्यानं पुन्हा हवामान. हिमयुगं सुरू झाली आणि सरली ती मुख्यतः पृथ्वीच्या कक्षेतल्या आणि आसाच्या कलातल्या, हजारो वर्षं चालणाऱ्या बदलांमुळे. भरतीचं काम त्यात जोडीदाराचं. पण जोडीदार होता, हे मान्य करायला हरकत नसावी.

आता त्या माणसाकडे येऊ, ज्याचं नाव हे संदेश लिहिणारे अर्धंच वापरतात. चार्ल्स डेव्हिड कीलिंग यांनी १९५८ मध्ये हवाई बेटावरच्या मौना लोआ इथं हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजायला सुरुवात केली. तेव्हा हवेच्या दहा लाख भागांत तो सुमारे ३१५ भाग होता. आज ४२० च्या पुढं गेला आहे. दर वर्षी थोडा खाली, मग त्याहून थोडा जास्त वर, असा चढत जाणारा तो आलेख जगभर त्यांच्याच नावानं ओळखला जातो. याच कीलिंग यांनी टिमोथी व्हॉर्फ यांच्यासोबत १९९७ आणि २००० मध्ये दोन निबंध लिहिले, आणि भरतीच्या कमी-जास्त ताकदीचा जगाच्या तापमानाशी संबंध असू शकतो असं सुचवलं. भरती जोराची असेल तेव्हा थंड पाणी वर येतं आणि समुद्राचा पृष्ठभाग निवतो. मंदावली की तो तापतो. चंद्र, सूर्य आणि पृथ्वी यांच्या स्थितींचा मेळ सुमारे १,८०० वर्षांनी असा जमतो की भरती सगळ्यांत जोरात येते, असा त्यांचा हिशेब होता. अटलांटिकच्या तळाच्या गाळात हिमनगांनी वाहून आणलेल्या खड्यांचे जे थर सापडतात, त्यांच्याशी त्यांनी तो ताडून पाहिला. कल्पना अगदी नवी नव्हती. स्वीडनचे ऑटो पेटरसन यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच पंधराव्या शतकातल्या मोठ्या भरत्या आणि उत्तर युरोपातलं बिघडलेलं हवामान यांचं नातं जोडलं होतं.

पुढं काय झालं? वॉल्टर मंक, म्हणजे ज्यांनी भरतीला खोल समुद्रातलं काम मिळवून दिलं तेच, २००२ मध्ये सहकाऱ्यांसोबत या १,८०० वर्षांच्या हिशेबाकडे वळले. इतक्या लांब पल्ल्याच्या चक्रात भरतीच्या ताकदीत पडणारा फरक फार तोकडा आहे, हे त्यांनी दाखवलं. दार त्यांनी पूर्ण बंद केलं नाही; पण आत जायला वाट अरुंद आहे, हे स्पष्ट केलं. आजही हा विषय तिथंच, एक अर्धवट सुटलेला प्रश्न म्हणून उभा आहे. मला यात महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. ज्या माणसानं कार्बनची नोंदवही आयुष्यभर चालवली, त्यानंच चंद्राची नोंदवहीही उघडून पाहिली. दोन्हींत त्याला भांडण दिसलं नाही. भांडण लावलं ते नंतरच्या लोकांनी, ज्यांना त्याची पहिली वही नको होती.

चंद्राचं छोटं चक्र आपल्याला जास्त ओळखीचं आहे. चंद्राची कक्षा पृथ्वीच्या कक्षेला सुमारे पाच अंशांनी तिरपी आहे. त्या जिथं एकमेकींना छेदतात, ते दोन बिंदू म्हणजे आपल्या पंचांगातले राहू आणि केतू. ते उलट्या दिशेनं सरकत १८.६ वर्षांत एक फेरी पुरी करतात. राहू एका राशीत दीड वर्ष असतो असं गावचा जोशी सांगतो, त्याची बारा राशींची बेरीज जवळपास तीच येते. या फेरीप्रमाणे चंद्र आकाशात किती उत्तरेला आणि किती दक्षिणेला जातो ते बदलतं, आणि भरतीही बदलते. दिवसातून दोनदा येणारी भरती तीन-चार टक्क्यांनी कमी-जास्त होते. एकदाच येणारी दहा ते वीस टक्क्यांनी, आणि तीही नेमकी उलट वेळी. म्हणून एकाच वर्षी एका किनाऱ्यावर भरती चढलेली असते आणि दुसऱ्यावर उतरलेली. अमेरिकेच्या नासाच्या संशोधकांनी २०२१ मध्ये सांगितलं की २०३० च्या दशकात हे चक्र आणि वाढलेली समुद्रपातळी एकत्र आल्यावर तिथल्या किनाऱ्यांवर पाणी शिरण्याचे प्रकार झपाट्यानं वाढतील. लगेच मथळे आले : चंद्र डगमगतोय! चंद्र होता तसाच आहे, त्याच्या खालचं पाणी चढलंय. रशिया-जपानच्या मधल्या कुरील बेटांच्या आसपासही अठरा-एकोणीस वर्षांच्या घुसळणीचा ठसा समुद्राच्या तापमानात दिसतो, असं जपानी संशोधकांनी मांडलं आहे. आणि १९८३ मध्ये अमेरिकेतले हवामानशास्त्रज्ञ रीड ब्रायसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तर थेट भारताच्या मान्सूनलाच भरतीच्या लांब पल्ल्याच्या चक्राशी जोडणारं गृहीतक मांडलं होतं. गृहीतक म्हणूनच, सिद्धांत म्हणून नव्हे.

इथं आपल्या वाडवडिलांच्या एका शहाणपणाची आठवण काढायला हवी. सणवार त्यांनी चंद्रावर सोपवले, पेरणी मात्र सूर्यावर. पोळा आणि दिवाळी तारखेनुसार मागंपुढं होतात, तीन वर्षांतून एकदा धोंड्याचा महिना घालून त्यांना ठिकाणावर आणावं लागतं. मृग मात्र दर वर्षी सात-आठ जूनलाच लागतो, कारण ते सूर्याचं नक्षत्र. रोहिणी, मृग, आर्द्रा, पुष्य, सगळा पेरणीचा कारभार सूर्याकडे. ज्यांनी ही वाटणी केली त्यांना राहूची फेरी माहीत होती, तरी तिच्यावर त्यांनी तिफण हाकली नाही. पाऊस "चंद्राच्या चक्रावर" चालतो असं परंपरेचं नाव घेऊन सांगणारा माणूस परंपराही नीट वाचत नाही.

चक्रं शोधण्याच्या धंद्यात एक जुना धोका आहे, आणि तो भारतातच सगळ्यांत चांगला ओळखला गेला. १८७५ मध्ये हवामान खातं स्थापन झालं. त्याचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड यांना हिमालयातला बर्फ आणि मान्सून यांचं नातं सापडलं : बर्फ जास्त तर पाऊस कमी. काही वर्षं ते नातं टिकलं, मग डळमळलं. १९०४ ते १९२४ या काळात त्याच खुर्चीत बसलेले गिल्बर्ट वॉकर मुळात गणिती. जगभरातल्या नोंदी घेऊन त्यांनी शेकडो संबंध तपासले आणि एक इशारा लिहून ठेवला. शंभर जोड्या जुळवून पाहिल्या तर त्यातल्या काही निव्वळ योगायोगानं जुळणारच; तेव्हा सगळ्यांत चांगल्या जुळणाऱ्या जोडीवर सगळ्यांत जास्त संशय घ्यावा. वॉकर यांनीच सांगितलेल्या, प्रशांत महासागरावरच्या हवेच्या दाबाच्या झोक्याचं मान्सूनशी असलेलं नातं आजही कामाला येतं; एल निनो, म्हणजे त्या महासागराचं पाणी नेहमीपेक्षा तापणं, याच झोक्याशी जोडलेलं आहे. तरी १९९७ मध्ये शतकातल्या जोरदार एल निनोच्या वर्षी भारतात पाऊस सरासरीइतका, किंबहुना किंचित जास्तच झाला. एवढं पक्कं नातंही फसतं, तर अठरा वर्षांच्या चक्रावर पराटी लावायची की तूर, हे कसं ठरवायचं? अक्षय्य तृतीयेनंतरच्या पहाटे बुलडाणा जिल्ह्यातल्या भेंडवळच्या घटमांडणीचं पीक-पावसाचं भाकीत जाहीर होतं आणि सगळीकडे छापून येतं. मागच्या वर्षीचं भाकीत आणि मागच्या वर्षीचा मोजलेला पाऊस शेजारी शेजारी ठेवून छापलेले मात्र क्वचितच दिसतात. चंद्राच्या संदेशांचंही तसंच आहे. जुळलं तेवढं पुढं पाठवायचं.

आता मुख्य हिशेब. चंद्र आणि सूर्य मिळून भरतीच्या रूपानं पृथ्वीवर जी ऊर्जा खर्च करतात ती सुमारे ३.७ टेरावॅट, म्हणजे ३७ लाख मेगावॅट. चंद्रपूरचं महाऔष्णिक वीज केंद्र २,९२० मेगावॅटचं. तशी साडेबाराशे केंद्रं एकदम पूर्ण क्षमतेनं चालली तर एवढी ऊर्जा होईल. प्रचंड आहे. पण पृथ्वी आज जी जास्तीची उष्णता साठवते आहे, म्हणजे सूर्याकडून आलेली आणि परत बाहेर न गेलेली, ती २००६ ते २०१८ या काळात सरासरी चौरस मीटरला सुमारे ०.८ वॅट होती, असा संयुक्त राष्ट्रांच्या आंतरराष्ट्रीय हवामान समितीचा (आयपीसीसी) ताळेबंद आहे. साऱ्या पृथ्वीच्या पृष्ठभागाचा गुणाकार केला की होतात सुमारे ४० कोटी मेगावॅट. भरतीच्या एकूण ऊर्जेच्या शंभरपट. आणि चंद्राच्या चक्रानं फरक पडतो तो त्या शंभरातल्या एकातल्याही काही टक्क्यांचा.

"पण भरती उष्णता देत नाही, ती फक्त ढवळते," असं कुणी म्हणेल, आणि त्याचं बरोबर आहे. तेच तर सगळ्यांत मोठं उत्तर आहे. ढवळणं कमी झालं म्हणून समुद्राचा वरचा भाग तापला असता, तर खालचा भाग तेवढाच निवायला हवा होता. हौदातली एकूण उष्णता तीच राहते. गेल्या पंचवीसेक वर्षांत आर्गो नावाचे हजारो तरंगते मापक समुद्रात सोडले आहेत. ते दोन हजार मीटर खोल बुडी मारतात, वर येऊन तापमान उपग्रहाला कळवतात. त्यांच्या नोंदी सांगतात की वरचाही तापतो आहे आणि खालचाही. पृथ्वीनं साठवलेल्या जास्तीच्या उष्णतेपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त समुद्रात जाते आहे. म्हणजे हौदात कुणीतरी बाहेरून गरम पाणी ओततंय. वातावरणातही तशीच खूण आहे : खालचा थर तापतो आहे आणि त्याच्या कितीतरी वरचा, स्थितांबर म्हणतात तो, थंड होतो आहे. समुद्रानं किंवा सूर्यानं तापवलं असतं तर असं झालं नसतं. उष्णता अडवणारा वायू मध्ये वाढला की असंच होतं. त्या वाढलेल्या वायूतला कार्बन जमिनीखालच्या जुन्या कोळसा-तेलातला आहे, हेही त्याच्या समस्थानिकांवरून, म्हणजे कार्बनच्याच कमी-जास्त वजनाच्या अणूंच्या प्रमाणावरून, ओळखता येतं. चंद्राच्या बोटांचे ठसे तिथं सापडत नाहीत.

पावसाचीही साक्ष काढू. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवलं की मध्य भारतात एकाच वेळी मोठ्या टापूवर कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना १९५० ते २०१५ या काळात तिपटीनं वाढल्या. मध्य भारतात आपणही येतो. या पासष्ट वर्षांत राहूच्या साडेतीन फेऱ्या झाल्या. चक्र कारण असतं तर आकडा तीनदा चढून तीनदा उतरला असता. तो चढतच गेला. याला चक्र म्हणत नाहीत, चढण म्हणतात.

हे सगळं इतकं लांबवण्याचं कारण साधं आहे. "चक्र" म्हटल्यानं जे मिळतं आणि जे बुडतं, त्याची वाटणी सारखी नाही. वर्धा खोऱ्यातला कोळसा निघतो आपल्याकडून, चंद्रपूर, कोराडी, खापरखेड्याला जळतो आपल्याच उशाशी, आणि वीज राज्यभर जाते. उन्हाळ्यात चंद्रपूर-ब्रह्मपुरीचं नाव देशातल्या सगळ्यांत तापलेल्या गावांत येतं. त्या उन्हाचा सगळा दोष शेजारच्या केंद्रावर टाकणं चूक ठरेल, कारण कार्बनला जिल्ह्याची हद्द नसते. पण जगानं आधीच मान्य केलं आहे की ही मानवनिर्मित हानी आहे आणि ती सोसणाऱ्या देशांना पैशाची मदत द्यायला हवी. २०२२ मध्ये इजिप्तमधल्या परिषदेत हानी-भरपाई निधीचा निर्णय झाला, पुढच्या वर्षी दुबईत तो सुरू झाला. तिथं भारत श्रीमंत देशांना "हे तुमचं कर्म आहे" म्हणून सुनावतो आणि इथं तालुक्याच्या सभेत तेच कर्म निसर्गाच्या नावावर खपवलं जातं. दोन्हीपैकी एकच खरं असू शकतं.

पीकविम्याचं पाहा. २०२३ मध्ये राज्यात एक रुपयात विमा आला, २०२५ मध्ये गेला. त्याबरोबर पेरणी न होणं, हंगामाच्या मधली प्रतिकूल परिस्थिती, काढणीनंतरचं नुकसान, एखाद्या वावरापुरती आलेली आपत्ती, ही संरक्षणंही गळाली आणि भरपाई पीक कापणी प्रयोगातल्या, म्हणजे नमुन्याच्या काही वावरांत कापणी करून काढलेल्या, उत्पन्नावर आली. नेमक्या ज्या प्रकारचं नुकसान वाढतं आहे, म्हणजे ऑगस्टातला मोठा खंड आणि सोंगणीच्या वेळचा एका रात्रीतला धिंगाणा, तेच प्रकार यादीतून बाहेर. गैरप्रकार झाले म्हणून योजना बदलली असं सांगितलं गेलं. गैरप्रकार करणाऱ्यांना पकडायचं सोडून छत्रीच काढून घेणं मला पटत नाही. पण या बदलावर गावागावांत जो आवाज उठायला हवा होता, तो फारसा उठला नाही. त्यालाही थोडं कारण हेच वाक्य आहे : येते अन् जाते.

आम्हाला हवामान बदलाचं भाषण नको आहे, ते पुष्कळ झालं. हवी आहे ती मोजणी. महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की अतिवृष्टी, हा नियम सगळ्यांच्या तोंडी आहे; पण आपल्या मंडळातलं स्वयंचलित केंद्र नेमकं कुठं आहे, ते कधी बंद होतं, त्याच्या गेल्या वर्षांच्या नोंदी काय, हे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर कुठंच नाही. एका मंडळात वीस-पंचवीस गावं. एका शिवारात ढगफुटी आणि केंद्राजवळ भुरभुर, असं झालं की कागदावर पाऊसच पडत नाही. खारपाणपट्ट्यात तर भूजलाचा आधार नाही, वरून पडेल तेच गोड. पोकरा, म्हणजे नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पातून काही गावांत शेततळी झाली, चांगली झाली. ज्या गावांत अस्तरीकरणाचा कागद वर्षभर फिरत राहिला तिथं तळ्यात बाभळी उगवल्या. अकोल्याच्या कृषी विद्यापीठानं पावसाच्या खंडाला टिकणारी वाणं आणि पेरणीच्या बदललेल्या वेळा यांवर काम केलं आहे. ते कृषी सहायकापर्यंत आणि त्याच्यापासून बांधापर्यंत यायला किती हंगाम लागतात, याचीही एखादी नोंदवही असावी.

जिल्हा नियोजनाच्या पुढच्या बैठकीत ग्रामसभांचे ठराव घेऊन जाता येतील. मागण्या चारच : प्रत्येक मंडळात किमान तीन पर्जन्यमापकं, त्यांच्या नोंदी दर आठवड्याला पंचायतीच्या भिंतीवर, विम्यात हंगामाच्या मधल्या खंडाचं आणि काढणीनंतरच्या नुकसानीचं कलम परत, आणि खाणींच्या जिल्ह्यांत जमा होणाऱ्या खनिज प्रतिष्ठानच्या पैशातून खाणबाधित गावांच्या तलावांचा गाळ उपसणं. पूर्व विदर्भातले मालगुजारी तलाव, म्हणजे जुन्या जमीनदारांच्या काळातले गावतलाव, तर त्या कामाची वाट पाहत कधीपासून पडून आहेत. ठरावावर चर्चा होताना कुणी चक्राचा विषय काढलाच, तर त्याला हाकलू नये. खुर्ची द्यावी आणि विचारावं : कोणतं चक्र, किती वर्षांचं, आणि त्याच्या मागच्या फेरीत आपल्या मंडळात ऑगस्टात किती मिलिमीटर पडला होता?